भात्याचे वाद्य झाडीपट्टीत : ऑर्गनच्या घडणीचा आणि दुरुस्तीचा इतिहास

पाइप ऑर्गन हे वाद्य जेथे रुजले तेथे ते इमारतीचा भाग होऊन रुजले. लहानमोठ्या शेकडो, क्वचित हजारो नळ्या, त्यांना दाबाखाली वारा पुरवणारे भाते, तो वारा साठवून वाटून देणारी हवापेटी आणि या साऱ्याला हुकूम देणारा पट्ट्यांचा संच अशी त्याची रचना असल्यामुळे ते दुकानातून विकत आणून ठेवण्याची वस्तू कधीच नव्हते. प्रत्येक चर्चच्या उंची-रुंदीचे माप घेऊन ते नव्याने बांधावे लागे आणि पुढची शंभर वर्षे त्याची निगा राखावी लागे. म्हणून युरोपात या वाद्याचा व्यवसाय करणाऱ्या पेढ्या एकाच वेळी सुतार, धातुकार, चर्मकार आणि स्वरज्ञ यांच्या पेढ्या होत्या, आणि त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग नव्या बांधणीइतकाच जुन्याच्या डागडुजीतून येई. १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेली हेन्री विलिस यांची पेढी हे याचे ठळक उदाहरण असून, कोलकात्याच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधला ऑर्गन याच पेढीने बांधलेला आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलपट्टीच्या, म्हणजे झाडीपट्टीच्या, जिल्ह्यांत अशी पेढी निर्माण होण्याचे कारण नव्हते. तरीही पाइप ऑर्गनच्या पोटातून जन्मलेले पात्यांचे ऑर्गन येथे आले आणि ज्या रंगभूमीला स्वतःची इमारतच नाही अशा रंगभूमीवर पिढ्यान्‌पिढ्या वाजले. इमारतीला जखडलेल्या वाद्याचे हे रूप इमारत नसलेल्या ठिकाणी कसे टिकले, या प्रश्नाचे उत्तर संगीतशास्त्रापेक्षा दुरुस्तीच्या इतिहासात अधिक सापडते.

पाइप ऑर्गन या प्रदेशात का शिरू शकले नसते याचे एक कारण निव्वळ भौतिक आहे. नळीचा स्वर तिच्या आतल्या हवेच्या लांबीवर आणि त्या हवेतील ध्वनीच्या वेगावर अवलंबून असतो, आणि हा वेग तापमानाबरोबर वाढतो. झाडीपट्टीतली हिवाळ्याची रात्र १२ अंश सेल्सिअसची आणि चंद्रपूरची उन्हाळी दुपार ४५ अंशांची धरली, तर त्या ३३ अंशांच्या फरकाने नळीचा स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. म्हणजे हिवाळ्यात काळी एकमध्ये लावलेले वाद्य वैशाखात पांढरी दोनच्या घरात जाऊन बसेल. सर्व नळ्या सारख्या चढल्या असत्या तरी एक वेळ चालले असते, परंतु ऑर्गनमध्ये नळ्यांबरोबर पात्यांच्याही रांगा असतात आणि धातूच्या पातीचा स्वर तापमानाने फारसा हलत नाही, त्यामुळे एकाच वाद्याचे दोन भाग एकमेकांशी भांडू लागतात. इंग्लंडमधल्या दमट पण सौम्य हवेत ऋतूनुसार एखादी फेरी मारणारा जुळारी हे काम निभावून नेई. विदर्भाच्या हवेत त्याला मुक्कामच ठोकावा लागला असता.

दुसरे कारण कारागिरीचे आहे, आणि ते समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते. सोळाव्या शतकाच्या शेवटच्या पंचविशीत अकबराने गोव्याला पाठवलेला हाजी हबीबुल्ला तेथून परतताना इतर नवलाईच्या वस्तूंबरोबर एक ऑर्गन घेऊन फत्तेपूर सिक्रीला पोहोचला, आणि बदायुनी या इतिहासकाराने माणसाच्या उंचीच्या त्या पेटीचे आश्चर्ययुक्त वर्णन लिहून ठेवले. दरबाराने ते वाद्य पाहिले, वाखाणले आणि मग त्या वाद्याची परंपरा तेथेच थांबली. ज्या गोव्यातून ते आले तेथे मात्र चर्चच्या शाळांतून स्वरलेखन, गायन आणि वादन शिकवणारे कपेलमास्तर पिढ्यान्‌पिढ्या तयार होत राहिले आणि युरोपीय वाद्ये गोव्यात घरगुती झाली. एकट्या वाद्याची भेट आणि वाद्याबरोबर ते वाजवणाऱ्या, उघडणाऱ्या, जोडणाऱ्या माणसांची वस्ती यांत किती अंतर असते, हे या दोन घटना शेजारी ठेवल्या की दिसते.

एकोणिसाव्या शतकात या वाद्याचे रूप पालटले. पातळ पितळी पट्टी एका चौकटीवर एका टोकाला ठोकून दुसरे टोक मोकळे ठेवले आणि चौकटीच्या फटीतून वारा सोडला तर ती पट्टी थरथरून स्वर देते. चीनमधल्या शेंग नावाच्या वाद्यात फार पूर्वीपासून वापरलेले हे तत्त्व युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगांचा विषय झाले आणि १८४२ मध्ये पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ याने ‘हार्मोनियम’ या नावाने त्याचे पेटंट घेतले. नळी गेली, पाती राहिली. त्याबरोबर खोलीभर पसरलेले वाद्य टेबलाएवढे झाले. दबँच्या वाद्यात पायांनी दाबलेला भाता वारा पात्यांमधून बाहेर ढकलत असे. अमेरिकेत याच्या उलट पद्धत रूढ झाली : भाता वाद्याच्या पोटातील हवा उपसून काढतो, आत निर्वात वाढतो आणि बाहेरची हवा पात्यांमधून आत ओढली जाते. उपसणाऱ्या भात्याचा स्वर अधिक मऊ आणि गोल असतो, आणि मराठी रंगभूमीने ‘ऑर्गन’ म्हणून जे ओळखले ते प्रामुख्याने हेच अमेरिकन जातीचे वाद्य होय.

या वाद्याला जगभर पोहोचवणारी सर्वांत मोठी पेढी व्हरमाँट राज्यातील ब्रॅटलबरो या लहानशा गावची होती. जेकब एस्टी या मूळच्या नळजोडणीच्या धंद्यातल्या गृहस्थाने उभारलेल्या एस्टी ऑर्गन कंपनीने आपल्या हयातीत ५ लाखांहून अधिक पात्यांचे ऑर्गन बनवले, आणि गंमत अशी की पात्यांवर श्रीमंत झालेली ही कंपनी १९०१ पासून उलट पाइप ऑर्गन बांधण्याकडे वळली आणि ३ हजारांहून अधिक बांधून १९६० मध्ये बंद पडली. बॉस्टनची मेसन अँड हॅमलिन आणि कॅनडातील ग्वेल्फची बेल याही पेढ्यांची वाद्ये जगभर गेली. या वाद्यांच्या पायपट्ट्यांजवळ उंदरांना अटकाव करणारी धातूची झडप बसवण्याची पेटंटे १८८० च्या दशकात निघाली आणि ‘उंदीर-रोधक’ अशी अक्षरे पायपट्ट्यांवर अभिमानाने ओतली जात, कारण वाद्याच्या आतले कापड, नमदा आणि चामडे हे उंदरांचे आवडते घरटे होते. जाहिरात व्हरमाँटच्या उंदरांसाठी होती, परंतु तिचा खरा उपयोग धानाच्या कोठारांशेजारी नाटकाचे सामान ठेवणाऱ्या मुलखात अधिक झाला असता.

भारतात ही वाद्ये प्रथम बंदरांत उतरली. मुंबईत १८६५ मध्ये सुरू झालेल्या फुर्टाडो यांच्या दुकानासारख्या पेढ्या चर्चसाठी आणि युरोपीय घरांसाठी लागणारे साहित्य विकत, तर कोलकात्यात १८७५ मध्ये द्वारकानाथ घोष यांनी स्थापन केलेल्या द्वारकिन या पेढीने पायाऐवजी हाताने हलणारा भाता मागच्या बाजूला बसवून जमिनीवर मांडी घालून वाजवण्याजोगी पेटी लोकप्रिय केली. हातपेटी कीर्तनात, भजनात आणि बैठकीत शिरली. नाटकाला मात्र तिचा आवाज अपुरा पडे, कारण एक हात भात्यात गुंतल्यामुळे वादकाला एकाच हाताने वाजवावे लागते आणि दोन-तीन हजारांच्या प्रेक्षागृहात, ध्वनिवर्धक नसताना, गायकाच्या मागे अखंड स्वराची भिंत उभी राहत नाही.

ती भिंत पायाच्या ऑर्गनने उभी केली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग झाला आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले, पुढच्या तीन दशकांत नाटकांतील पदांची संख्या आणि गायकीचा विस्तार वाढला तसतशी साथीचीही मागणी वाढली. १९११ मध्ये ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः नामवंत पेटीवादक होते, हा योगायोग नव्हे. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत तर साथीला अहमदजान थिरकवा यांचा तबला, कादरबक्ष यांची सारंगी आणि ऑर्गन अशी मांडणी झाली आणि महाराष्ट्रभरच्या हौशी मंडळ्यांनी तीच आदर्श मानली. याच काळात सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश ई. क्लेमंट्स यांनी समान अंतराच्या बारा स्वरांत भारतीय श्रुती बसत नाहीत म्हणून लंडनच्या मूर या कारागिराकडून २२ श्रुतींची पेटी बनवून घेतली. विद्वानांना तिच्याविषयी आस्था वाटली, पण नाटकवाल्यांनी तिच्याकडे पाहिलेही नाही, आणि त्यात त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही : पट्ट्या दुप्पट झाल्या की बिघाडाच्या जागाही दुप्पट होतात.

आता चांद्याकडे, म्हणजे चंद्रपूरकडे, वळावे. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते आणि तो १९५६ पर्यंत मध्य प्रांतात, म्हणजे नंतरच्या मध्य प्रदेशात, होता. या दोन्ही जिल्ह्यांचा वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचा भाग, त्याला लागून असलेला भंडारा आणि गोंदिया, मिळून जो धानाचा आणि जंगलाचा पट्टा होतो त्याला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीत भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते, बैलांच्या शर्यतींचा शंकरपट होतो, धान घरात आलेले असते, लेकीबाळी आणि पाहुणे जमलेले असतात आणि रात्री नाटक असते. हा हंगाम होळीपर्यंत चालतो. या रंगभूमीच्या मुळाशी दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्ये असून त्यांची साथ ढोलकी-टाळाची, मैदानात उभे राहून करण्याची होती. त्यांवर संगीत नाटकाचे कलम झाले ते मालगुजारांच्या आश्रयाने. मध्य प्रांतात महसूल गोळा करण्याचा हक्क असलेल्या या गावमालकांचे नागपूरला जाणेयेणे असे, तेथे मुक्कामाला आलेल्या नाटक कंपन्यांचे खेळ ते पाहत, आणि गावातल्या मंडळाने तसेच पडदे, तसेच पोशाख आणि तशीच साथ उभी करावी असा त्यांचा हौसेचा आग्रह असे.

वाद्य येण्याला आणखी एका गोष्टीची गरज होती. बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदिया, वडसा, नागभीड आणि चांदा यांना जोडणारा अरुंद रुळांचा मार्ग घातला आणि नागभीडहून नागपूरला दुसरा फाटा गेला. जंगलातील सागवान, बांबू आणि धान बाहेर नेण्यासाठी घातलेल्या या मार्गाने उलट दिशेने पडदे, रंग, गॅसबत्त्या आणि जड वाद्ये आणण्याची सोय झाली. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे दीर्घकाळ गडचिरोली जिल्ह्यातले एकमेव रेल्वे स्थानक राहिले, आणि आज पन्नासच्या आसपास नाट्यमंडळांची कार्यालये याच गावात एकवटलेली आहेत, यामागे नाट्यकलेइतकेच मालधक्क्याचेही भौगोलिक कर्तृत्व आहे.

झाडीपट्टीचे नाट्यगृह हंगामी असते. शेतात किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत मंच उभारतात, प्रेक्षकांसाठी जमीन उतरती खोदतात म्हणजे मागच्यालाही दिसते, भोवती कनात लावतात, आणि खेळ संपला की जागा पुन्हा शेताची होते. वादक मंचासमोर, प्रेक्षक आणि नट यांच्या मध्ये बसतात. रात्री नऊ-दहाला सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते आणि दुसऱ्या रात्री तेच मंडळ पन्नास-साठ कोसांवरच्या दुसऱ्या गावी उभे असते. अशा रंगभूमीवर ऑर्गनचे काम पदांना साथ करण्यापुरते नसते. तो गायक-नटाला काळी चार किंवा पांढरी पाचचा आधारस्वर देतो, प्रवेश बदलताना पडद्यामागची धावपळ झाकतो, खलनायकाच्या प्रवेशाला खर्ज धरतो आणि करुण प्रसंगाला एकच सूर लांबवतो. सात-आठ तास न थकता वाजणारा, वाऱ्याखेरीज काहीही खर्च न करणारा आणि विजेची गरज नसलेला दुसरा कोणताही आवाज त्या काळी खेड्यात उपलब्ध नव्हता, आणि बैलगाडीवर किंवा मालमोटारीत चार माणसांनी उचलून टाकता येईल एवढाच त्याचा भार होता.

मात्र हा भार रोज उचलणे आणि आदळणे हेच त्याच्या आजारांचे मूळ होते. पात्यांच्या ऑर्गनची दुरुस्ती तीन ठिकाणी होते. पहिले ठिकाण भात्याचे : लाकडी फळ्यांवर ताणून चिकटवलेले रबरमिश्रित कापड आणि सांध्यांवरचे मऊ चामडे पावसाळ्यात ओल धरते, उन्हाळ्यात कडक होते, घडीच्या कोपऱ्यांवर चिरते आणि त्या चिरेतून वारा गेला की वादकाचे पाय दुप्पट चालूनही स्वर दम धरत नाही. कापड बदलायचे तर जुना सरस गरम पाण्याने सोडवून फळ्या स्वच्छ करून नवे कापड एका दमात, सुरकुती न पडू देता, बसवावे लागते. दुसरे ठिकाण पट्ट्यांचे आणि त्यांखालच्या झडपांचे. सागवान तुलनेने कमी फुगते, परंतु परदेशी वाद्यांतील नरम लाकडाच्या पट्ट्या दवाच्या रात्री फुगून अडकतात, कमानी गंजतात, झडपेखालचा नमदा कसर खाते, आणि मग पट्टी सोडली तरी स्वर चालूच राहतो. भर प्रवेशात असा चिकटलेला सूर थांबवण्यासाठी वादकाला एक बोट राखून ठेवावे लागे.

तिसरे आणि सर्वांत नाजूक ठिकाण पात्यांचे, ज्यांना पेटीच्या धंद्यात सरळ ‘सूर’ म्हणतात. सुरावर धुळीचा एक कण बसला तरी तो मुका होतो किंवा कण्हतो, आणि तो ओढून काढून पुसून पुन्हा बसवणे हे प्रत्येक वादकाला यावेच लागते. सूर उतरला असेल तर पातीच्या मोकळ्या टोकाकडून अगदी किंचित धातू घासून टोक हलके करतात, त्याने स्वर चढतो. चढला असेल तर मुळाकडून घासतात, त्याने पाती लवचीक होऊन स्वर उतरतो. घासलेला धातू परत लावता येत नाही, त्यामुळे दर दुरुस्तीगणिक सुराचे आयुष्य कमी होते आणि अडाणी हाताने केलेल्या दोन-चार घासण्यांत परदेशी सुरांची अख्खी रांग वाया जाते. वर सांगितलेला तापमानाचा मुद्दा येथे उलट उपयोगी पडतो : पितळी पाती हिवाळ्या-उन्हाळ्यात जवळजवळ आपल्या जागीच राहत असल्यामुळे एकदा नीट लावलेला ऑर्गन हंगामभर पुरतो. पाइप ऑर्गनला जुळारी मुक्कामाला लागला असता. पात्यांच्या ऑर्गनला वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर आणि मंडई भरण्यापूर्वी, जाणता हात मिळाला की भागे.

हा जाणता हात पुरवणारी व्यवस्था महाराष्ट्रात हळूहळू उभी राहिली. मुंबईत १९२५ मध्ये सुरू झालेल्या हरिभाऊ विश्वनाथ यांच्या पेढीने पेट्या बनवणे, विकणे आणि दुरुस्त करणे एकाच छपराखाली आणले. पुण्यात बुधवार पेठेच्या परिसरात पेटीवाल्यांची दुकाने झाली. गुजरातमधील पालिताणा येथे देशी सूर तयार होऊ लागले आणि पॅरिस-जर्मनीच्या सुरांना पर्याय मिळाला. तंतुवाद्यांसाठी मिरजेने जे मिळवले, म्हणजे कच्च्या भोपळ्यापासून तयार तंबोऱ्यापर्यंतची सारी कारागिरी एका गावात, तसे एकच गाव ऑर्गनला लाभले नाही. त्याची कारागिरी विखुरलेली राहिली आणि विदर्भाच्या वाट्याला तिचे शेवटचे टोक आले.

१९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाने मराठी चित्रपट बोलू लागला आणि पुढच्या काही वर्षांत मोठ्या नाटक कंपन्या मोडीत निघाल्या. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटीला बंदी केली, ती १९७१ मध्ये शिथिल होईपर्यंत तीन दशके सरकारी माध्यमातून पेटीची साथ ऐकू आली नाही, आणि शहरांतील शिष्ट संगीतविश्वात तिची प्रतिष्ठा खालावली. अमेरिकेत पात्यांच्या ऑर्गनचे उत्पादन त्याआधीच ओसरले होते, स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले, आणि जुना ऑर्गन जिवंत ठेवण्याचा एकच मार्ग उरला : एका मेलेल्या वाद्याचे सूर काढून दुसऱ्यात बसवणे. झाडीपट्टीला या सर्व घडामोडींचा फटका बसला तो उशिरा आणि वेगळ्या प्रकारे. येथे बोलपटाने नाटक मारले नाही, कारण चित्रपटगृहे तालुक्याच्या गावी होती आणि मंडई खेड्यात भरत होती. आकाशवाणीच्या शिष्टाचाराशी मंडईच्या प्रेक्षकाला देणेघेणे नव्हते. आणि १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आल्यावर आश्रयदात्याची जागा गावच्या वर्गणीने आणि तिकिटाने घेतली. पुण्या-मुंबईत संगीत नाटक स्मरणरंजनाचा विषय होत असताना या पट्ट्यात ते तिकीट लावून चालत राहिले.

बदल झाला तो विजेने. गावोगाव वीज आणि जनरेटर पोहोचल्यावर, विशेषतः गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत, इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला. त्याच्या पट्ट्या बहुधा ६१, म्हणजे पाच सप्तके, आणि नेमक्या तेवढ्याच पट्ट्या अमेरिकन ऑर्गनलाही असत, त्यामुळे वादकाच्या बोटांना नवे काही शिकावे लागले नाही. फक्त पाय मोकळे झाले. तबल्याशेजारी ऑक्टोपॅड आला, ध्वनिवर्धकाने आवाजाचा प्रश्न सोडवला, मंडळांची संख्या आणि एका हंगामातील प्रयोगांची संख्या वाढली. गडचिरोलीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये मिळालेल्या पद्मश्रीने या रंगभूमीला देशपातळीवर ओळख मिळाली, त्या वेळेपर्यंत तिचा आवाज पूर्णपणे विजेचा झालेला होता. साथीदारांची मांडणी मात्र जुनीच आहे : स्वरवाद्य, तालवाद्ये, मंचासमोरची जागा आणि प्रत्यक्ष वादन, ध्वनिमुद्रित साथ नव्हे. गंधर्व काळातील जी पद्धत शहरी व्यावसायिक नाटकाने केव्हाच सोडली ती झाडीपट्टीने यंत्र बदलूनही पाळली, आणि वाद्यसंग्राहकांना पायपट्ट्यांच्या जुन्या ऑर्गनविषयी जी हळहळ वाटते ती या रंगभूमीच्या दृष्टीने काहीशी अनाठायी आहे.

दुरुस्तीचे नाते मात्र पालटले. भात्याचे कापड, कमान, नमदा आणि सूर या चारही वस्तू डोळ्यांना दिसणाऱ्या होत्या आणि खेड्यातल्या सुताराच्या किंवा सोनाराच्या अवजारांनी त्यांवर काही ना काही करता येत असे. कीबोर्डमधला बिघाड दिसत नाही, त्याचा भाग बदलावा लागतो आणि तो भाग मिळेनासा झाला की वाद्य टाकून द्यावे लागते. दरम्यान कोकणात राजापूर तालुक्यातील आडिवरे येथे पायाच्या ऑर्गनची नव्याने घडण सुरू झाली असून संगीत नाटक आणि नाट्यपदांच्या मैफली करणाऱ्या शहरी वादकांत त्याला मागणी आहे. वडशाच्या मंडळांचा व्यवहार निराळा आहे. त्यांना एका हंगामात हमखास चालणारे, मालमोटारीत एका माणसाने चढवता येणारे आणि बिघडले तर दुसऱ्या रात्रीच्या प्रयोगाआधी बदलता येणारे वाद्य लागते, आणि ते भाऊबीजेपूर्वी गाडीत चढलेले असावे लागते.